पाठलागाचं दृश्य : गायरानावरच्या कुत्र्यांविषयी माहितीपट करताना

लातूर जिल्ह्यात, बालाघाटाच्या पठारावर एक मोठं गायरान आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथं काळविटांचा कळप चरतो, आणि असा पत्ता मोबाइलवर फिरायला लागला की रविवारी कोण कोण येतं, हे इकडच्या लोकांना ठाऊक आहे. गायरानाला लागून वनविभागाचा एक पट्टा, दुसऱ्या अंगाला सोयाबीन-तुरीची शेतं आणि मधून मेंढ्यांची वाट. शेतकऱ्याकडं कुत्रं आहे, मेंढपाळाकडं चार आहेत, गावात मोकाट आहेत. शिवाय हा कारवानांचा मुलूख. लांब पायांचं, आत गेलेल्या पोटाचं हे कुत्रं इथं पिढ्यान्‌पिढ्या पाळतात. त्याचंच केसाळ भावंड म्हणजे पश्मी.

काही शिक्षक आणि पक्षी पाहणारी मंडळी यांनी मिळून एक माहितीपट करायचा ठरवला. सार्वजनिक जमिनीवर कुत्रं नेताना मालकानं काय सांभाळावं, एवढाच विषय. दाखवायचा कुणाला, तर कुत्रं पाळणाऱ्यांना, आठवी-नववीच्या मुलांना आणि जमलं तर ग्रामसभेत. पटकथा आणि संकलन माझ्याकडं होतं. पैसे बेताचे होते, कॅमेरा एक आणि लांब पल्ल्याची लेन्स भाड्याची.

पहिल्याच बैठकीत प्रत्येकानं एक दृश्य मागितलं: कुत्रं हरणामागं लागलंय. त्याशिवाय लोकांना गांभीर्य कळणार नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. हे प्रकरण मुख्यतः त्या एका दृश्याचं आहे.

तीन वाटा, तिन्ही बंद

पहिली वाट सरळ होती. कुत्रं सोडायचं, लांबून चित्रीकरण करायचं, लगेच माघारी बोलवायचं. हरणाला काही होणार नाही, अशी हमी द्यायला दोघं-तिघं तयारही होते. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये शिकारीची व्याख्या मारण्यापुरती नाही. पकडणं, फासा लावणं, हाकारणं, कुत्री मागं सोडून जनावर पळवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं हे सगळं शिकारीतच मोडतं. काळवीट पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे 3 ते 7 वर्षं कैदेची तरतूद. हरीण सहीसलामत निसटलं असतं तरी आमचं फुटेज हाच आमच्याविरुद्धचा पुरावा ठरला असता. शिवाय पिल्लं गवतात दडवून ठेवणारी मादी पाठलागानं किती लांब जाते आणि कधी परतते, याची हमी कोण देणार?

दुसरी वाट एका पोरानं सुचवली. "सोडायचं कशाला सर? मोबाइलवर ढिगानं पडल्यात की." खरंच पडल्या होत्या. ससे पळवलेले, धरलेले, हातात उंच धरून फोटो काढलेले. वनरक्षक मॅडमनी तिथल्या तिथं सांगितलं, की अशी क्लिप त्यांच्यासमोर आली तर त्यांना ती पाहिली नाही असं करता येणार नाही. आम्ही ती वापरली असती तर गावानं पुन्हा कॅमेरा आत घेतला नसता, आणि ते बरोबरच झालं असतं.

त्याहून मोठी अडचण वेगळी होती. शिकार म्हटलं की मराठवाड्यात बोट कुणाकडं जातं, ते सांगायला नको. पारधी समाजावर मारलेला 'गुन्हेगार जमाती'चा शिक्का 1952 साली कायद्यातून गेला, बोलण्यातून अजून गेलेला नाही. आम्हाला दाखवलेल्या क्लिपांमध्ये मात्र जीप होत्या, बुलेट होत्या, पांढरेशुभ्र शर्ट होते. तोंडं धूसर करून त्या वापरल्या असत्या तर बघणाऱ्यानं त्या धूसर तोंडांच्या जागी आपल्या मनातलीच तोंडं बसवली असती. म्हणून चित्रपटात कोणत्याही जातीचं, जमातीचं नाव शिकारीच्या वाक्याशेजारी येणार नाही, एवढी एक गोष्ट आम्ही कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

तिसरी वाट मला स्वतःला पटण्यासारखी वाटत होती. चाकूरकडचे एक तात्या कारवान पाळतात. त्यांचं कुत्रं रोज पहाटे त्यांच्याच पडीक रानात पळतं. कॅमेऱ्यासाठी वेगळं काही करवून घ्यायचं नव्हतं. तसं करवून घ्यायचं असतं तर 2001 च्या नियमांप्रमाणे भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागली असती. कॅमेरामननं ते पळणं टिपलं. उडी मारणारी काळविटं दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी, गाडीतून न उतरता टिपली. दोन शॉट एकामागून एक लावले की पाठलाग तयार होतो. ज्याला संकलन कळतं त्याला यात नवल नाही, पण बघणाऱ्याचा श्वास अडकतोच.

हा तुकडा तात्यांच्या ओसरीवर, कुत्रं पाळणाऱ्या मंडळींना बोलावून लॅपटॉपवर दाखवला. कुत्रं पळायला लागलं तशी मागून शिट्टी आली. मग दुसरी. एक जण पुढं सरकून म्हणाला, "पुढं? धरलं का न्हाई?" तो प्रश्न ऐकल्यावर पुढं चर्चा करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. कारवानाचं पळणं देखणं असतं. कॅमेरा संथ केला की आणखी देखणं होतं. त्या पळण्यावर कितीही गंभीर आवाज चढवला तरी डोळे त्या आवाजाचं ऐकत नाहीत.

पण दृश्य खरं मारलं ते तात्यांनी. ते गप्प बसले होते. लोक उठून गेल्यावर म्हणाले, "माजं कुत्रं हरणामागं कदी सोडलं मी? ह्ये तर माजंच कुत्रं दिसायलंय." बरोबर होतं. ठिपका, कान, पट्टा सगळं ओळखू येत होतं. दोन निरपराध शॉट जोडून आम्ही एका ओळखीच्या माणसाच्या कुत्र्यावर अजामीनपात्र गुन्हा चढवत होतो, तोही शैक्षणिक माहितीपटात. कॅमेरामनला तो शॉट गेल्याचं अजून वाईट वाटतं. मला वाटत नाही.

टेकाडाच्या अलीकडं

पाठलाग नसेल तर मग चित्रपटात बघायचं काय? उत्तर तात्यांच्या हातातल्या फडक्यात होतं. कारवान पाळणारे कुत्र्याला साखळीनं धरत नाहीत. पट्ट्यातून सुती फडकं ओवायचं, दोन्ही टोकं एका मुठीत. मूठ उघडली की कुत्रं सुटतं. पद्धत जुनी, शिकारीचीच. पण मूठ न उघडण्यासाठीही तीच पद्धत उत्तम, कारण फडकं हाताला कापत नाही आणि कुत्र्याचा प्रत्येक झटका मुठीत आधी कळतो.

तात्यांचं बोलणं आम्ही न कापता ठेवलं. जवळपास दोन मिनिटांचा एकच शॉट आहे: "ह्ये डोळ्यानं शिकार करणारं कुत्रं हाय, नाकानं न्हाई. एकदा नदरंला पडलं की मग तुमी घसा फाडा, न्हाई ऐकायचं. म्हून टेकाडावर चडायच्या आदी धरायचं. वर गेल्यावर धरतो म्हनणारा धरतच न्हाई."

माझ्या मते सगळ्या चित्रपटाचा विषय या चार वाक्यांत आहे. 'कुत्रं ताब्यात ठेवा' ही सूचना सगळीकडं असते. ताब्यात कधी घ्यायचं, ते कुणी सांगत नाही. नजरेवर चालणाऱ्या कुत्र्याच्या बाबतीत ती वेळ पाठलाग सुरू झाल्यावरची नसतेच. जमिनीचा चढ, वारा, पहाट की दुपार, गवत गुडघ्यापर्यंत आहे की चरलेलं, यावर ती ठरते. मग आम्ही गायरानच त्या नजरेनं फिरलो. कुठल्या टेकाडावरून एकदम लांबचं दिसतं, कुठं ओढ्याची कड आड येते, काळविटं सकाळ-संध्याकाळ कुठं उतरतात. कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवर, गुडघ्याएवढ्या तिपाईवर ठेवून तीच वाट पुन्हा चाललो. त्या उंचीवरून टेकाड चढताना आधी नुसतं गवत दिसतं, मग एकदम क्षितिज उघडतं. ते बघताना शाळेतली पोरं आपोआप ओरडली, "आता धर!" हे दृश्य पाठलागाच्या जागी बसलं.

बोलावण्याचं शिक्षण हा पुढचा भाग. पिल्लू असतानाच शिट्टी आणि भाकरीचा तुकडा यांची सांगड घालायची, मोकळ्या जागी आधी लांब कासरा लावून सराव करायचा. कासरा सुती, नायलॉनची दोरी सरकली की तळहात भाजतो. पशुवैद्यकांनी इथं एक वाद काढला. कुत्रं पळू नये म्हणून काही जण त्याच्या गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवतात. त्यानं गुडघे सोलतात, ते बाभळीत किंवा तारेत अडकतं, आणि लोढणं घातलेलं कुत्रं बिबट्यासमोर आलं तर त्याला पळताही येत नाही. ते काढून टाका, असं ते कॅमेऱ्यासमोर स्पष्ट बोलले. ऐकणाऱ्यांपैकी एकानं लोढणं घातलेलं कुत्रं बरोबर आणलं होतं. त्यानं काही काढलं नाही.

मामांचा हिशेब

मेंढपाळ मामांना आमचा विषयच पटला नव्हता. "आमची कुत्री मेंढरात जल्मली, मेंढरातच ऱ्हातेत. हरणामागं पळाली तर मेंढरं कोण राखील?" हेही खरं. त्यांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे, कारण लांडगा आधी गळा धरतो. ही कुत्री कळप सोडत नाहीत. त्यांना कासऱ्याचे धडे देणारा चित्रपट दाखवणं म्हणजे पोहणाऱ्याला पाण्याची भीती घालण्यासारखं होतं.

मामा चित्रपटात आले ते वेगळ्या दारानं. त्यांच्या कळपात एक मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गरागरा फिरत होती. पशुवैद्यकांनी पाहिलं आणि विचारलं, "मामा, मेलेल्या मेंढीचं मुंडकं काय करता?" मामा म्हणाले, "कुत्र्याला टाकतो की." इथून पुढं जे संभाषण झालं ते आमच्या पटकथेत कुठंच नव्हतं.

हा आजार कुत्र्याच्या आतड्यातल्या एका पट्टकृमीचा. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गायरानाच्या गवतावर पडतात. मेंढी ते गवत खाते, अळी रक्तातून मेंदूत पोचते आणि तिथं पाण्याचा फोड तयार होतो. फोड मोठा झाला की मेंढी फिरायला लागते, मग मरते. तिचं मुंडकं कुत्र्यानं खाल्लं की फोडातून पुन्हा कृमी, पुन्हा अंडी, पुन्हा तेच गवत. म्हणजे मेंढ्या राखणारं कुत्रंच मेंढ्यांचा आजार सांभाळतं, आणि त्याला खायला घालणारा मालकच असतो. याच जातकुळीचा आणखी एक कृमी कापलेल्या जनावराच्या काळजातून, फुफ्फुसातून कुत्र्यात येतो आणि कुत्र्याकडून माणसात जातो. त्यानं माणसाच्या यकृतात पाण्याच्या गाठी होतात. डॉक्टर त्याला हायडॅटिड म्हणतात.

तोड सोपी आहे. मुंडकं आणि आतला भाग कच्चा टाकायचा नाही; पुरायचा किंवा चांगला उकळायचा. कुत्र्यांना पशुवैद्यकांच्या सल्ल्यानं ठरावीक काळानं प्राझिक्वांटेलची गोळी द्यायची. हे चक्र आम्ही शाळेतल्या फळ्यावर चित्रकलेच्या गुरुजींकडून खडूनं काढून घेतलं. संगणकावरच्या चलचित्रापेक्षा ते लोकांना जास्त लक्षात राहिलं असं माझं मत आहे. मामांनी स्वतः हा भाग दुसऱ्या वाड्यांवर सांगितला. हरणांविषयी ते अजून काही बोलत नाहीत, पण गायरानावर कुत्र्यानं काय टाकलं याची दखल आता घेतात. हा भाग मुळात चित्रपटात असायलाच नको होता, असं एका सदस्याचं मत होतं: विषय वन्यजीवांचा, हे पशुसंवर्धन झालं. मला ती वाटणी कृत्रिम वाटते. लसीकरण न झालेल्या कुत्र्याचा डिस्टेम्पर हा विषाणूचा आजार लांडग्यालाही होतो. गीरमध्ये 2018 साली सिंह मेले त्यातही हा विषाणू सापडला होता. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर जनुकीय तपासणीत स्पष्ट झाला आहे. गवत एकच असेल तर खाती वेगळी करून काय उपयोग?

शेतकऱ्याचं म्हणणं आणि टिटवीची अंडी

एका शेतकऱ्यानं मुलाखतीत कॅमेऱ्याकडं बोट करून विचारलं, "हरणं कवळं सोयाबीन खातेत, तवा कुटं असतंय तुमचं वनखातं?" हे वाक्य काढा असं गटातल्या काहींना वाटलं. ते ठेवलं नसतं तर अर्धं गाव उठून गेलं असतं. त्याच्या लगेच पुढं वनरक्षक मॅडम पीकनुकसानीच्या भरपाईविषयी बोलतात: अर्ज मुदतीत करायचा, पंचनामा करून घ्यायचा, फोटो काढून ठेवायचा. आणि मग एक साधी रेघ आखली, जी पुढं लोकांच्या तोंडी बसली: शेतातलं कुत्रं बांधापर्यंत. स्वतःच्या रानात राखणीला कुत्रं असणं, त्यानं भुंकणं यावर कुणाचा आक्षेप नाही. ते बांध ओलांडून गायरानात हरणामागं गेलं की गोष्ट बदलते.

माळटिटवीचा भाग छोटा आहे. मार्चपासून ती उघड्या खडकाळ जमिनीवर अंडी घालते, खड्यांसारखीच दिसणारी. कुत्र्यानं अंडी खाल्लीच पाहिजेत असं नाही. ते आसपास रेंगाळलं तरी पक्षी उठतो, आणि मे महिन्यात 42 अंशांच्या उन्हात सावली गेलेली अंडी भाजून निघतात. घरट्याजवळ जाऊन चित्रीकरण करायला मी ठाम नकार दिला. माणसाच्या पायवाटेनं कुत्री आणि कोल्हे पोचतात. गाडीतून घेतलेल्या चौकटीत अंडी शोधा असा खेळ मुलांसाठी ठेवला, बस.

रेबीजवर फार वेळ दिला नाही, पण जे दिलं ते ठणकावून. चावा किंवा ओरखडा झाला की वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं जखम धुवायची, मग दवाखाना. कुत्रं घरचं असलं तरी. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. आमच्यातल्या ज्यांना कुत्र्यांजवळ काम करायचं होतं त्यांनी आधीच लस घेतली होती.

असं काम गौताळ्यात, येडशी-रामलिंग घाटात किंवा जायकवाडीला करू पाहणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. अभयारण्याची गोष्ट वेगळी. तिथं चित्रीकरणाला कायद्याच्या कलम 28 खाली परवाना लागतो आणि पाळीव कुत्रं आत नेण्याचा प्रश्नच येत नाही. आमच्याकडं गायरानासाठी ग्रामपंचायतीचं पत्र होतं आणि वनपट्ट्यासाठी विभागाचं. ही पत्रं खिशात नव्हे, गाडीच्या काचेवर चिकटवलेली बरी. गावात कॅमेरा दिसला की लोक आधी जमिनीची मोजणी आली समजतात, आणि गायरानाच्या बाबतीत तो संशय मराठवाड्यात कुणाला हसण्यावारी नेता येत नाही. कसून खाणाऱ्यांची अतिक्रमणं नावावर होण्याचा प्रश्न इथं भूमिहीनांच्या सत्याग्रहांपासून चालत आलेला आहे. कुत्र्यांवरच्या चित्रपटात त्यांची झोपडी चौकटीत येऊ नये, हे आम्ही प्रत्येक शॉटला पाहिलं.

दाखवताना

नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोड्यांसाठी प्रसिद्ध, पण कुत्रीही येतात, त्यांचं प्रदर्शनही भरतं. खंडोबाच्या तसबिरीत घोड्यापाशी कुत्रं असतंच, त्यामुळं इथं कुत्रं घेऊन येणाऱ्याला कुणी हसत नाही. मालकांच्या मुलाखती आम्ही तिथं घेतल्या. प्रश्न एकच ठेवला: तुमचं कुत्रं किती लांबून माघारी येतं? वेग विचारला असता तर बढाया मिळाल्या असत्या. हा प्रश्न विचारल्यावर लोक थांबले, आपल्या कुत्र्याकडं पाहिलं, आणि दोघांनी तिथंच शिट्टी मारून दाखवली. एकाचं आलं, एकाचं नाही. दोन्ही ठेवलं, न आलेल्याच्या मालकानं हसत परवानगी दिली.

निवेदन उदगीरच्या कॉलेजातल्या एका मुलीनं लातुरी बोलीत केलं. अखंड 25 मिनिटांचा चित्रपट शाळेत चालला. ग्रामसभेत नाही, तिथं वीज आणि धीर दोन्ही अपुरे पडले. मग त्याचे तुकडे केले. तात्यांचा तुकडा आणि मामांचा तुकडा मोबाइलवर सर्वात जास्त फिरले, हे आम्हाला परत आमच्याकडंच आलेल्या मेसेजांवरून कळलं.

त्या गावच्या ग्रामसभेनं मार्च ते जून गायरानावर कुत्रं दोरीनंच न्यायचं असा ठराव केला. ठरावाला विरोध झाला, आणि तो मोडणाऱ्याचं काय करायचं ते त्यात लिहिलेलं नाही. जनावर सांभाळण्यात हयगय केल्याबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम 291 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तो विषय माणसाला धोका होण्याचा. टिटवीच्या अंड्यांसाठी कुणी पोलिसांत जाणार नाही, हे सरपंचांनाही माहीत आहे.

दुसऱ्या भागाची पटकथा सध्या अडली आहे. गायरानाच्या टोकाला गावातली मेलेली गुरं टाकतात, आता कोंबड्यांचा कचराही पडतो. तिथं पंधरा-वीस कुत्री कायम असतात आणि काळविटांमागं सर्वात जास्त तीच लागतात. त्यांना मालक नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांप्रमाणं नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना त्याच भागात परत सोडायचं असतं, आणि ते काम स्थानिक संस्थेचं. ग्रामपंचायतीकडं ना डॉक्टर, ना पिंजरे, ना पैसे. पहिला चित्रपट मालकाशी बोलत होता. हा कुणाशी बोलणार, यावर आमच्यात दोन मतं आहेत. मी म्हणतो कॅमेरा कुत्र्यांवरून काढून मेलेलं बैल ओढत नेणाऱ्या ट्रॅक्टरवर ठेवावा आणि खड्डा खणायला पंचायतीला किती खर्च येतो तिथून सुरुवात करावी. कॅमेरामनचं म्हणणं, ट्रॅक्टर कोण बघणार?